वर्षातून एखाद्या वेळी धावणारा कोड कसा सांभाळायचा

"हे अजून कोणी वापरतं का?" आमच्या रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, अधूनमधून कोणीतरी हा प्रश्न टाकतंच. विचारणारा बहुधा नवा असतो, उत्साही असतो आणि प्रश्नासोबत पुल रिक्वेस्टही, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदलही, घेऊन आलेला असतो. एक फाईल उडवली, हजारभर ओळी कमी, बिल्ड हिरवा. त्याचा राग येत नाही. मात्र उत्तर द्यायला वेळ लागतो, कारण खरं उत्तर असतं, "वापरत असावं, पण कोण ते सांगता येणार नाही."

मी दिवसा पुण्यात विम्याच्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि रात्री जेवणं आटोपली की सी भाषेतली एक छोटी लायब्ररी सांभाळते. जुन्या एन्कोडिंगमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, एवढंच तिचं काम. तिच्यातली सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारी फाईल इस्कीची. इस्की हे भारतीय लिप्यांचं आठ बिटांचं जुनं प्रमाण, आयएस १३१९४, १९९१ सालचं. डॉसच्या जमान्यात जिस्ट कार्ड (भारतीय लिप्यांसाठीचं सी-डॅकचं कार्ड) घातलेल्या मशीनवर ज्यांनी मराठी टाइप केलं, त्यांचा मजकूर यात आहे. युनिकोडचा देवनागरी तक्तासुद्धा इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच बेतलेला. आज नव्याने इस्कीत कोणी लिहीत नाही, पण कुठल्याशा ग्रंथालयाच्या कपाटातून कॅटलॉगची फाईल निघते आणि मग मला मेल येते.

उदाहरणं मी याच फाईलची देणार आहे. तुमच्याकडे जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर असेल किंवा कोणी न उघडणारा एखादा फॉरमॅट असेल, काम तेच.

मेलेला कोड आणि क्वचित चालणारा कोड वेगळे करा

जिथे कुठल्याही वाटेने पोचताच येत नाही तो कोड मेलेला. तो आजच काढा, चर्चा नको. क्वचित चालणाऱ्या कोडला वाट असते, फक्त तिथून जाणारे थोडे. हे थोडे लोक आकड्यांत दिसत नाहीत. डाउनलोडचा आकडा पाहू नका, त्यात अर्ध्याहून जास्त बिल्ड सर्व्हर असले तरी तुम्हाला कळणार नाही. डेबियन या लिनक्स वितरणाचं पॉपकॉन पॅकेजची मोजणी करतं, पण ज्यांनी आपणहून होकार दिला त्यांचीच. आणि पॅकेजच्या आत कोणता भाग चालतो हे त्यालाही कळत नाही. त्यापेक्षा डेबियन कोड सर्चमध्ये आपल्या फंक्शनचं नाव टाकून बघा. दुसऱ्या कोणत्या प्रकल्पाने ते बोलावलं आहे हे तिथे थेट दिसतं. मग बंद झालेले इश्यूही चाळा. तीन-चार वर्षांपूर्वी का होईना, कोणी खरी फाईल घेऊन आलं होतं का? आलं असेल तर वाट चालू आहे असं धरा.

वापर मोजण्यासाठी प्रोग्रामने घरी फोन करावा, म्हणजे नेटवरून आपल्याला माहिती पाठवावी, हे मला पटत नाही. ज्यांच्याकडे इस्कीच्या फायली आहेत त्यांची मशीनं बऱ्याचदा नेटला जोडलेलीही नसतात.

"बरोबर" म्हणजे काय, ते आधी लिहून ठेवा

या लेखातलं एकच वाचणार असाल तर हे वाचा. रोज वापरला जाणारा कोड बिघडला तर संध्याकाळपर्यंत दहा जण ओरडतात. क्वचितचा बिघडला तर कोणी ओरडत नाही, आणि काही वर्षांनी बरोबर आउटपुट कसं दिसायचं हे ठाऊक असलेला माणूसच प्रकल्पात उरत नाही. मग कोड दुरुस्त तरी कशाबरहुकूम करणार?

इस्कीत हे फार पटकन दिसतं. 'दर्या' या शब्दाचे बाइट हेक्स आकड्यांत असे: सी४, सीएफ, ई८, सीडी, डीए. म्हणजे द, र, हलन्त, य, काना. आता 'दऱ्या' असा लिहिता येतो: सी४, सीएफ, ई८, ई९, सीडी, डीए. मध्ये एकच बाइट वाढला, ई९, म्हणजे नुक्ता. हलन्तानंतर नुक्ता आला तर इस्कीत तो मऊ हलन्त होतो, आणि युनिकोडमध्ये त्याच्या जागी हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक येतो. हा जोडक डोळ्यांना दिसत नाही. मध्यंतरी एका भल्या माणसाने पुल रिक्वेस्ट पाठवली: रूपांतरानंतर अदृश्य अक्षरं गाळून टाकू, शोध घेणं सोपं होईल. वर्णन नेटकं, कोड स्वच्छ, सगळ्या टेस्ट पास. पास होणारच, कारण तेव्हाच्या टेस्टमध्ये रफारापलीकडचा 'र' नव्हताच.

ती अडली माझ्या सासऱ्यांपाशी. अण्णांनी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं. रूपांतराच्या भागात मोठा बदल आला की मी दोन-चार पानं छापून त्यांच्यापुढे ठेवते. त्यांनी पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल काढला: 'दर्याखोर्यांत'. "सह्याद्रीत समुद्र कधी शिरला?" त्या पानावर तसे आणखी सात-आठ गोल होते: वार्यावर, सुर्या, तर्हा. पुल रिक्वेस्ट परत गेली आणि टेस्टच्या फोल्डरात नवी फाईल आली.

तेव्हापासून टेस्टचे दोन फोल्डर आहेत. एकाचं नाव 'प्रमाण'. त्यातल्या प्रत्येक नमुन्याशेजारी अपेक्षित उत्तर कुठून आलं ते लिहिलेलं असतं: प्रमाणाचं कलम, किंवा वाचणाऱ्या माणसाची खात्री. दुसऱ्याचं नाव 'सध्या'. प्रोग्राम आज जसा वागतो तसं त्यात नोंदवलेलं असतं, मग ते बरोबर असो वा नसो. 'सध्या'मधली टेस्ट फुटली तर बदल मुद्दाम केला का, एवढंच विचारायचं. 'प्रमाण'मधली फुटली तर मर्ज नाही. बहुतेक प्रकल्पांत हे दोन्ही प्रकार एकाच ढिगात असतात. मग प्रोग्रामचंच जुनं आउटपुट कोणीतरी अपेक्षित उत्तर म्हणून टाकतं आणि बग कायमचा पवित्र होतो.

नमुने निवडताना कडेच्या जागा शोधा. इस्कीत ॐ दोन बाइटांचा आहे: ए१ म्हणजे चंद्रबिंदू, त्यावर ई९. अवग्रहही असाच, ईए म्हणजे दंड आणि पुढे ई९. फाईल ४०९६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचत असाल आणि ए१ नेमका तुकड्याच्या शेवटी पडला, तर निष्काळजी कोड चंद्रबिंदू छापून मोकळा होतो आणि पुढच्या तुकड्यात नुक्ता एकटाच लोंबकळतो. हे शोधायला चार हजार बाइटांचा भराव लागत नाही. तुकड्याचा आकार बाहेरून देता येईल असा ठेवा आणि सगळे नमुने आकार एक, दोन, तीन असे घेऊन चालवा. दुसरी कड फाईलच्या शेवटी. शेवटचा शब्द 'अर्थात्' असेल तर कन्व्हर्टर हलन्त हातात धरून पुढच्या बाइटची वाट बघतो, तो काही येत नाही, आणि हलन्त गायब. तिसरी कड लिपीची. ईएफनंतर ४३ आलं की पुढचा मजकूर बंगाली. बी३ हा तोच बाइट देवनागरीत क तर बंगालीत तिकडचा क. ओळ संपली की पुन्हा मूळ लिपी. ओळीच्या मध्येच लिपी बदलणारी फाईल रोजच्या व्यवहारात क्वचितच सापडेल, म्हणून ती टेस्टमध्ये हवीच.

नमुने बायनरी फायली म्हणून घेऊ नका. मार्च २०२४ मध्ये फायली आकुंचित करणाऱ्या एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला, तो बायनरी टेस्ट फायलींमध्ये दडवलेला होता. सादर करणाऱ्याने आधी बराच काळ प्रामाणिक काम करून विश्वास मिळवला होता. कोणी न उघडणाऱ्या कोपऱ्यातल्या, कोणाला न वाचता येणाऱ्या फायली म्हणजे लपायला उत्तम जागा. आमचे नमुने साध्या मजकुरात असतात, प्रत्येक ओळीवर हेक्स आकडे आणि शेजारी मराठीत टिप्पणी. टेस्ट चालताना त्यांचे बाइट बनतात. खरी मोठी फाईल कोणी पाठवली तर तिच्यातल्या अडचणीच्या तेवढ्या ओळी काढून हेक्समध्ये लिहिते आणि बाकीची बाजूला ठेवते. शिवाय त्या फायलींत लोकांची नावं-पत्ते असतात, ते रेपोत जायला नकोत.

कारण कोडजवळच लिहा

इतिहास शोधायचा तर गिट लॉगचा मोठ्या एसचा पर्याय वापरा. एखादी विचित्र अट नेमकी कोणत्या कमिटमध्ये आली किंवा गेली, ते तो सांगतो. कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारा गिट ब्लेम मात्र पहिल्याच सामुदायिक फॉरमॅटिंगला आंधळा होतो, कारण मग प्रत्येक ओळ फॉरमॅट करणाऱ्याच्या नावावर. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९पासून, असे कमिट वगळायची यादी देता येते. ती यादी रेपोत ठेवा. पण तेवढ्यावर भागत नाही. ज्या ओळीकडे बघून वाचणाऱ्याला "हे कशाला?" वाटेल, तिथेच कारण लिहा, कलमाच्या क्रमांकासकट. "विशेष बाब हाताळली" अशी टिप्पणी लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी.

आजूबाजूच्या बदलांनी बिघडतो

अशा कोडला कोणी हात लावत नाही, तरी तो बिघडतो. कंपायलर बदलतो, आतलं फंक्शन नाव बदलतं, कोणीतरी पूर्ण रेपोभर शोधा-आणि-बदला करतं.

आणि मशीन बदलतं. सीमध्ये साधा कॅर, म्हणजे एका बाइटचा प्रकार, धन-ऋण आहे की फक्त धन, हे भाषेने ठरवलेलं नाही. इंटेलवरच्या लिनक्सात तो ऋण होऊ शकतो, एआरएमवरच्या लिनक्सात होत नाही. इस्कीची सगळी भारतीय अक्षरं १२८च्या वर. म्हणजे ई८, अर्थात २३२, इंटेलवर साध्या कॅरमध्ये उणे २४ होऊन बसतो, आणि "हा ई८ आहे का?" या तपासणीचं उत्तर कायम नाही. तोच कोड रास्पबेरी पायवर झकास चालतो. बाइट नेहमी अनसाइन्ड कॅरमध्ये धरा हे झालंच, पण खात्री करायला दोन मशीनं लागत नाहीत. जीसीसी आणि क्लँग दोन्हींना कॅर धन-ऋण धर किंवा फक्त धन धर असं सांगायचे फ्लॅग आहेत. दोन्ही फ्लॅगनी बिल्ड करा, दोन्हीवर टेस्ट चालवा.

प्रत्येक पुशला हे सगळं चालवायची गरज नाही. रोजच्या सीआयमध्ये, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासणीत, फक्त बिल्ड आणि 'प्रमाण' फोल्डर. आठवड्यातून एकदा दोन्ही कॅर, मेमरीच्या चुका पकडणारा अॅड्रेस सॅनिटायझर आणि तासभर फझिंग, म्हणजे वेड्यावाकड्या इनपुटचा मारा. फझिंग करणाऱ्या लिबफझरला 'प्रमाण'मधले नमुने बियाणं म्हणून दिले की तो त्यात मोडतोड करून अशा ठिकाणी पोचतो जिथे माणसाचं डोकं जात नाही. इथे एक मेख आहे. गिटहबवर सार्वजनिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर वेळापत्रकावरचे वर्कफ्लो आपोआप बंद होतात. आमच्यासारख्या निवांत प्रकल्पांत ६० दिवस सहज जातात. दर रिलीजच्या यादीत "साप्ताहिक रन चालू आहे का बघणे" ही ओळ घाला.

बंद म्हणजे खरंच बंद

मे २०१५ मध्ये व्हेनम नावाची त्रुटी बाहेर आली. आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूएमूमध्ये फ्लॉपी कंट्रोलरची नक्कल करणारा भाग होता, त्यात २००४ पासूनची चूक. आतल्या आभासी मशीनमधून खास बेतलेल्या आज्ञा पाठवल्या की बफर ओलांडून यजमान मशीनपर्यंत पोचण्याची शक्यता निर्माण होत होती. झेन, केव्हीएम, व्हर्च्युअलबॉक्स अशा आभासी मशीनच्या प्रणाल्या, सगळ्यांनी तोच कोड उचललेला. २०१५ साली क्लाउड सर्व्हरवर फ्लॉपी कोण घालतंय! आणि खरी गंमत पुढेच. झेन आणि क्यूएमूमध्ये चालकाने फ्लॉपी बंद केली असली, तरी दुसऱ्याच एका बगमुळे तो कोड पोचण्याजोगा राहत होता.

म्हणून क्वचितचा कोड सेटिंगने झाकून ठेवण्यावर माझा विश्वास नाही. तो बिल्डमधूनच वगळता आला पाहिजे. आमच्याकडे सगळे कन्व्हर्टर एका तक्त्यात नोंदवलेले आहेत. इस्कीचा फ्लॅग काढला की तक्त्यातली ओळ जाते आणि ती फाईल कंपाइलच होत नाही. फाईलच्या आत जागोजागी अटी पेरायच्या नाहीत. एकाच ठिकाणी, दारावर. सीआयमध्ये फ्लॅग असलेला आणि नसलेला, दोन्ही बिल्ड करा, नाहीतर नसलेला कधीच बिल्ड होत नाही हे तुम्हाला तिसऱ्याच कोणाकडून कळेल.

आणि अनोळखी बाइट आला तर गप्प बसू नका. एफ० हा इस्कीत वैदिक चिन्हांकडे नेणारा बाइट आहे. तो आम्ही हाताळत नाही, पण गाळतही नाही. बाइट कितवा ते सांगून चूक देतो. चुकीचं रूपांतर झालेली कॅटलॉगची फाईल कोणीतरी जपून ठेवणार आणि मूळ फ्लॉपी फेकून देणार, याची मला जास्त धास्ती वाटते.

माणसांबद्दल खरं लिहा

लिनक्सच्या मेंटेनर्स फाईलमध्ये प्रत्येक भागापुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: कोणी पगारी सांभाळतं, कोणी सांभाळतं, जमेल तशी डागडुजी होते, अनाथ आहे, कालबाह्य आहे. ही पद्धत जशीच्या तशी उचला. आमच्या इस्कीपुढे "जमेल तशी डागडुजी" लिहिलं आहे आणि खाली एक ओळ: नमुना बाइटांशिवाय आलेला इश्यू उघडा राहील, पण त्यावर काम सुरू होणार नाही. यामुळे आलेल्या माणसाला काय अपेक्षा ठेवायची ते कळतं, आणि मलाही अपराधी वाटत नाही.

अनाथ असं लिहिण्यात कमीपणा नाही. त्या शब्दाने कधीकधी पालक मिळतो. २०१९ साली लिनक्सच्या फ्लॉपी ड्रायव्हरवर तो शिक्का बसला आणि लगोलग सांभाळणारा पुढे आला. इंटेलच्या इटॅनियम प्रोसेसरच्या आधाराचं तसं झालं नाही. २०२१ मध्ये अनाथ ठरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.७ मधून बाहेर.

काढायचाच असेल तर

ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्स जन्माला आलं, त्याचा आधारही ३.८ मध्ये काढला गेला, तेव्हा भावनेला इथे जागा नाही. माझी कसोटी साधी आहे: 'प्रमाण'मधली टेस्ट फुटली आणि ती बरोबर का हे सांगणारं कोणी उरलं नाही, की तो भाग जायला हवा. चुकीचं काम करणारा कन्व्हर्टर असण्यापेक्षा तो नसणं चांगलं.

काढण्याची रीत पायथॉनकडून घ्या. पीईपी ५९४ या प्रस्तावाखाली जुनी मॉड्यूल्स ३.११ पासून इशारे देऊ लागली आणि २०२४ च्या ३.१३ मध्ये त्यातली १९ एकदम गेली. मध्ये दोन वर्षं मिळाली. इशारा दस्तऐवजात पुरून ठेवू नका, तो कोड प्रत्यक्ष चालतो तेव्हाच छापा; क्वचितचे वापरकर्ते रिलीज नोट्स वाचत नाहीत. काढण्याचा कमिट एकटा ठेवा, त्यात दुसरी साफसफाई मिसळू नका, म्हणजे परत आणायची वेळ आली तर एका रिव्हर्टमध्ये येतो. त्याआधीच्या कमिटला टॅग लावा.

आणि अर्धवट काढणंही चालतं. युनिकोडमधून इस्कीत नेणारी उलटी दिशा आमच्याकडे कितीतरी वर्षं होती. नवी इस्की फाईल कोणाला बनवायची असणार? पण ती गेली असती तर जाऊन-येऊन तपासणी गेली असती: इस्की ते युनिकोड आणि पुन्हा इस्की, बाइट जसेच्या तसे यायला हवेत. ई९ हरवला की सर्वांत आधी तिथे कळतं. म्हणून ती लायब्ररीतून काढली आणि टेस्टच्या फोल्डरात नेऊन ठेवली. बाहेरून तिला कोणी बोलावू शकत नाही, सुरक्षेच्या दृष्टीने ती आमची जबाबदारी नाही आणि आठवड्यातून एकदा चालते. जुनं फंक्शन बोलावणाऱ्याला आता चूक मिळते आणि ती चूक शेवटच्या आधार असलेल्या आवृत्तीचा टॅग सांगते. एकाने ती वाचून मेल केली, टॅगवरून बिल्ड करून घेतलं आणि जाता जाता दंडाविषयीचा एक नमुना पाठवला. तो 'प्रमाण'मध्ये आहे.